सहीचा रकाना

नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्येकीच्या हाती एक लॉगबुक येतं. धमनीतून रक्त घेणं, व्हेंटिलेटर लावणं, श्वासनळीतली नळी साफ करणं, ईसीजी वाचणं, असं एकेक काम, त्यापुढे तारीख आणि शेवटच्या रकान्यात शिकवणाऱ्याची सही. सही नसेल तर ते काम तुम्हाला येतच नाही, असं धरतात. माझं लॉगबुक भरलं, परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं. घरच्यांनी पेढे वाटले. पण मला आज जे येतं, त्यातलं निम्म्याहून अधिक ज्यांच्याकडून आलं त्यांना त्या रकान्यात सही करायचा अधिकार नव्हता. एकदोघांना तर सही करताच येत नव्हती. त्यांचं देणं कुठेतरी लिहून ठेवावं, म्हणून हा खटाटोप.

माझं माहेर जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या कालव्याखाली. सासर आंबेगावात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. दोन्ही तालुक्यांची शीव एकमेकांना लागून आहे, पण दुखणी वेगळी. कालव्याखाली ऊस, द्राक्षं, टोमॅटो. म्हणजे उसात घोणस आणि बिबट्या, आणि घराघरात फवारणीचं औषध. वर डोंगरात भात, हिरडा आणि धो धो पाऊस. म्हणजे मण्यार, विंचू आणि रस्ता. रस्ता हेही तिथलं एक दुखणंच. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर आला, तेव्हा मी जीएनएमची नर्सिंग पदविका घेऊन नुकतीच नोकरीला लागले होते. दीडशेच्या वर माणसं गेली. आम्ही खाटा रिकाम्या करून, सलाईनचे स्टँड लावून जखमींची वाट बघत बसलो होतो. आले ते फार थोडे. माणूस खाटेपर्यंत पोचला तरच आमची विद्या, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे पुस्तकात ‘गोल्डन अवर’, म्हणजे दुखापतीनंतरचा मोलाचा पहिला तास, वाचताना नवीन काही वाटलं नाही.

पहिलं ऋण आमच्या वॉर्डाच्या परिसेविकेचं. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत. बारीक अंगकाठी, पायात स्लीपर आणि आवाज असा की ओपीडीपर्यंत ऐकू जावा. द्राक्षांच्या हंगामात वॉर्डात विषबाधेचे रुग्ण येत. कुणी फवारताना बाधलेला, कुणी रागाच्या भरात बाटली तोंडाला लावलेली. ऑरगॅनोफॉस्फरस विषाचा रुग्ण आतून पाझरतो. तोंडातून लाळ, अंगाला घाम, छातीत पाणी. उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन. ते किती द्यायचं हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. रुग्णाचं अंग सांगेल तेवढं. कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच पाण्यात गुदमरतो, जास्त झालं तर भ्रमिष्टासारखा चादर ओढतो, हवेतल्या न दिसणाऱ्या गोष्टी वेचतो.

मी नव्या उत्साहात मॉनिटरकडे बघत उभी असायची. बाई माझं मनगट धरून हात सरळ रुग्णाच्या काखेत घालायच्या. “काय लागतंय?”

“ओलं आहे, बाई.”

“मग अजून द्यायचंय. मॉनिटर मागाहून बघ. आधी काख, मग छाती, मग नाडी.”

काख कोरडी झाली, स्टेथोस्कोपला छाती मोकळी लागली, नाडी ऐंशीच्या वर टिकली की डोस पुरे, आणि मग तो टिकवून धरायचा. रात्रभर दर थोड्या वेळाने काख चाचपायची. त्याआधी रुग्णाचे कपडे काढायचे, साबणपाण्याने केसांपासून नखांपर्यंत अंग धुवायचं, आणि स्वतः हातमोजे घालायचे, कारण ते विष कातडीतूनही आत जातं. कपड्यांची पिशवी बांधून बाहेर ठेवायची. नाहीतर नातेवाईक तेच कपडे उशाला घेऊन बसतात. हे सगळं बाई बोलत बोलत करायच्या. त्यांचं शिक्षण माझ्याएवढंच, जीएनएम. पुढे प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी हाच प्रश्न घातला. समोर खोटा रुग्ण, शेजारी सुरू असलेला मॉनिटर. माझा हात आपोआप काखेकडे गेला. परीक्षक हसले आणि म्हणाले, “हे कुठे शिकलात?” मी म्हटलं, “वॉर्डात.”

दुसरं ऋण ओतूरच्या एका माळकरी मामांचं. त्यांचा भाचा, चौदा-पंधरा वर्षांचा, पावसाळ्यातल्या एका पहाटे पोट दुखतं म्हणून आणला. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. डॉक्टर पोट तपासत होते. बाईंनी मुलाच्या आईला एवढंच विचारलं, “रात्री झोपला कुठं होता?” जमिनीवर, गोधडी टाकून. बाईंनी त्याला वर बघायला सांगितलं. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या. मण्यार अशीच चावते. रात्री, झोपेत, दात इतके बारीक की खूण सापडत नाही, आणि वेदना होते ती पोटात. ज्याला हे ठाऊक नाही तो अपचनाची गोळी देऊन घरी पाठवतो.

प्रतिसर्पविषाच्या कुप्या काढल्या. पांढरी पूड, त्यात पाणी घालायचं. मी घाईने कुपी जोरात हलवायला घेतली, तशी बाईंनी ती तळहातात धरून हळू फिरवून दाखवली. हलवली की फेस होतो आणि वेळ जातो. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालणारं हे औषध घोड्यांच्या रक्तातून तयार होतं. मुंबईच्या हाफकिनचं नाव आमच्या आजोबांनाही माहीत होतं, ते याच औषधामुळे. पण मण्यारीचं विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांवर जाऊन बसलं की औषध त्याला तिथून उठवू शकत नाही. तंतू नव्याने सावरेपर्यंत, म्हणजे काही दिवस, श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा असतो. मुलाचा श्वास उथळ होत गेला. डॉक्टरांनी नळी घातली. व्हेंटिलेटर पुण्यात. मध्ये साठ-पासष्ट किलोमीटर, खेडचा घाट आणि चाकण.

ॲम्ब्युलन्समध्ये मी, आई आणि मामा. माझा एक हात सलाईनवर, एक सक्शनच्या नळीवर. हाताने दाबून श्वास देण्याची अँबू पिशवी मामांच्या हातात दिली. घाबरलेला माणूस पिशवी भराभर दाबतो, पोटात हवा भरते, श्वास बाहेर पडायला वाव मिळत नाही. मी म्हटलं, “मामा, सावकाश. पाचेक सेकंदांनी एकदा.” ते म्हणाले, “पोरी, घड्याळ कुठंय माझ्याकडं?” आणि मग त्यांनी स्वतःच माप काढलं. मनातल्या मनात सावकाश ‘रामकृष्ण हरी’ म्हणायचं, ‘हरी’ला पिशवी दाबायची. ओतूर म्हणजे तुकोबांना हा मंत्र देणाऱ्या बाबाजी चैतन्यांच्या समाधीचं गाव. ती लय मामांच्या अंगात लहानपणापासून मुरलेली. मी छातीकडे बघत होते. एकसारखी वर, एकसारखी खाली. पुण्यापर्यंत त्यांनी हात बदलला नाही.

निघताना एक गोष्ट घडली होती. मुलाच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेडाला आकसत नव्हत्या, हातपाय लुळे. दारातल्या गर्दीत कुणीतरी म्हणालं, “गेला.” बाई तिथल्या तिथे कडाडल्या. “त्याला सगळं ऐकू येतंय. फक्त अंग झोपलंय. त्याच्यासमोर हा शब्द काढायचा नाही.” मग खाली वाकून त्याच्या पायाचा अंगठा धरला. “बाळा, हा हलव.” अंगठा हलला. इतका थोडा, की धरलेला नसता तर कळलाच नसता. मण्यारीच्या विषाने माणूस बाहेरून मेल्यासारखा दिसतो आणि आत पूर्ण जागा असतो. बाहुल्या बघून मेंदू मेला असं ठरवणं इथे घातक, हे पुढे पाठ्यपुस्तकात मला तीन ओळींत सापडलं. मुलगा काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून बरा झाला, पेढे घेऊन वॉर्डात आला. म्हणाला, चाकणला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ड्रायव्हरकाकांनी ट्रकवाल्याला दिलेल्या सगळ्या शिव्या मला पाठ आहेत. तेव्हापासून बेशुद्ध, लुळ्या, नळ्या लावलेल्या कुठल्याही रुग्णाशी मी नाव घेऊन बोलते. आता कूस बदलतेय, आता घशात नळी घालतेय, आज मंगळवार आहे, बाहेर पाऊस आहे.

तोंडी परीक्षेत कृत्रिम श्वसनाचा इतिहास विचारला. तो मला आवडीने पाठ होता. ऑगस्ट १९५२, कोपनहेगनचं ब्लेगडाम रुग्णालय. पोलिओची साथ, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं, आणि यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनळीला छेद देववून नळी बसवली आणि पिशवीने हाताने श्वास द्यायला सुरुवात केली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र, कित्येक आठवडे पिशव्या दाबल्या आणि पोरं जगवली. आजचा अतिदक्षता विभाग त्या साथीतून जन्मला. मी हे सांगत होते आणि डोळ्यांसमोर खेडच्या घाटातली ॲम्ब्युलन्स होती. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. मामांना भाचा घरी न्यायचा होता. काम तेच.

आमच्या भागात सर्पदंशाबद्दल बोलायचं आणि नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांचं नाव घ्यायचं नाही, असं होऊच शकत नाही. सापाच्या विषाने एकही माणूस मरू नये, हा ध्यास घेऊन त्यांनी वर्षानुवर्षं रुग्ण तर वाचवलेच, पण शाळांतून, गावांतून, सरकारी डॉक्टर आणि नर्सेसच्या वर्गांतून तेच ते न कंटाळता सांगितलं: मांत्रिकाकडे नको, जखम कापू नका, घट्ट आवळून बांधू नका, हातपाय हलवू नका, दवाखाना गाठा. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून जे केलं, त्याच जातीचं हे काम. तालुक्यातल्या गावात बसून जगाला उपयोगी पडेल असं शास्त्र करता येतं, हे या तिघांनी आम्हाला दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं ते २०१७ साली. आमच्याकडच्या वॉर्डांत तो उपेक्षित कधीच नव्हता. उपेक्षित होता तो चावलेला माणूस. घोणस चावलेल्याचं रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरपी करून बघायचं, गोठलं की पाण्यासारखं वाहतंय; एवढ्या साध्या तपासणीवर औषधाचा निर्णय ठरतो. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, धुतलेलीही चालत नाही. कोट्यवधींच्या यंत्रांनी भरलेल्या आयसीयूत काम करतानाही माझ्या खिशात काचेची एक नळी असते. सहकारी हसतात. हसू देत.

पुण्याच्या आयसीयूत मी काही वर्षं काढली, तिथे मला चेची भेटली. केरळची. मराठी तोडकं, पण नजर करडी. आमच्यातल्या प्रत्येकीला ती आपल्या रुग्णापुरतं बघायची सवय मोडायला लावायची. व्हेंटिलेटरच्या नळीभोवती एक छोटा फुगा असतो. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरमध्ये हवा. कमी झाला तर तोंडातली घाण फुप्फुसात उतरते, जास्त झाला तर श्वासनळीला जखम होते. बोटाने दाबून ‘बरोबर आहे’ म्हणायची आमची पद्धत. चेचीने दाबमापक मागवला, प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मोजून लिहायचा रकाना तक्त्यात घालायला लावला, आणि सगळ्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत रोज पाठीमागे उभी राहिली. डोकं ३० अंश वर आहे का, तोंड साफ केलं का, हेही तसंच. अमेरिकेत क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट म्हणून प्रमाणित होणाऱ्या नर्सचं काम तीन ठिकाणी बघतात: रुग्णाशी, सोबतच्या नर्सेसशी आणि एकूण व्यवस्थेशी. ती मान्यता दर पाच वर्षांनी पुन्हा मिळवावी लागते. हे वाचलं तेव्हा मला चेचीच आठवली. तिच्याकडे असलं कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं, आणि तिन्ही कामं ती बिनबोभाट करत होती. “तू आगे पढ,” असा लकडा तिनेच माझ्यामागे लावला. आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग हा दोन वर्षांचा कोर्स. भारतीय परिचर्या परिषदेने तो साधारण २०१६-१७ पासून आणलाय. त्यातला बराचसा भाग वर्गात नाही, खाटेपाशी होतो; रात्रपाळीसकट. बाळंतीण बाई, संसारी बाई यांना तो झेपतो का, असं सगळेच विचारतात.

तो मला झेपला, कारण माझ्याऐवजी तो दुसऱ्यांनी झेलला. थोरल्या भावाने २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटो लावला होता. तो मे महिना आमच्याकडच्या शेतकऱ्यांना आठवत असेल. तोडणीची मजुरीही निघेना म्हणून लोकांनी माल बांधावर ओतला. शेजाऱ्यांनी पीक उपटलं. भावाने ठेवलं. जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. कुणी गाडी घेतली, कुणी घर बांधायला काढलं. आमचा प्लॉट लहान. भावाने पट्टीचे पैसे वहिनीच्या हातात दिले आणि वहिनीने ते मोजून माझ्यासमोर ठेवले. “तुमची फी,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या मनात त्या पैशांतून काय करायचं होतं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

मुलीला सासूबाईंनी सांभाळलं. दोन पावसाळे ती आजीजवळ डोंगरात राहिली, हिरड्याच्या मोसमात आजीबरोबर रानात फिरली. भावकीतल्या एकीने ओट्यावर बसून विचारलं होतं, “शिकून पगार वाढणार का हिचा?” मी गप्प होते, कारण उत्तर मला माहीत होतं. सासूबाईंनी सुपातले तांदूळ निवडत सांगितलं, “आपल्याकडनं माणूस खाली नेईस्तोवर मरतो. हिला चार गोष्टी जास्त कळल्या तर बरंच आहे. पगाराचं नंतर बघू.” सासूबाई अंगठा लावतात. या कोर्सचा हेतू याहून नेमका मी कुठल्या प्रस्तावनेत वाचलेला नाही.

आणि शेवटचं ऋण, ज्यांची नावं मी सांगूच शकत नाही, त्या रुग्णांचं. लॉगबुकात रुग्णाचं नाव लिहीत नाहीत, नोंदणी क्रमांक लिहितात. मनगटातल्या धमनीतून रक्त काढायला शिकत होते, तेव्हा एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर खाटेवर होते. दमा विकोपाला गेलेला, बोलताना धाप लागायची. शिरेतून रक्त काढताना दुखतं त्याच्या कितीतरी पट ही सुई दुखते. माझा हात थबकलेला बघून त्यांनी मनगट वळवून पुढे केलं. “टोच. मीही कुणाच्या तरी गाडीवर शिकलो होतो.” ते घरी गेले. सगळे गेले नाहीत. ज्यांच्या अंगावर मी शिकले आणि जे वाचले नाहीत, त्यांच्या घरच्यांनी जाताना मला हात जोडले. खरं तर हात मी जोडायला हवे होते.

आता मी परत पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका अतिदक्षता विभागात आहे. नव्या मुलींच्या वह्यांवर सह्या करायचा अधिकार मला आहे आणि मी तो सढळ हाताने वापरत नाही. काख चाचपल्याशिवाय सही मिळत नाही, अशी माझी ख्याती झाली आहे. आमच्यासारख्या प्रशिक्षित नर्सला कामं वाढीव मिळतात, जबाबदारीही मिळते. पदाचं नाव आणि पगाराची पायरी बहुतेक ठिकाणी पूर्वीचीच राहते. हे बदलायला हवं, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी तालुक्यांपासून सुरुवात करावी. मोठ्या शहरात रात्री दोन वाजताही तज्ज्ञ डॉक्टर धावत येतो. आमच्याकडे त्या वेळी खाटेशी असते ती नर्स. ती किती शिकलेली आहे, यावर सकाळ ठरते.

जुन्नर-आंबेगावातल्या मुलींना आणि मुलांनाही माझं सांगणं आहे. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक झालं असेल आणि वॉर्डात एक वर्ष काढलं असेल, तर या कोर्सला तुम्ही पात्र आहात. नुसतं जीएनएम असेल तर क्रिटिकल केअरची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका आहे. फी जमवणं अवघड आहे, घर सोडणं त्याहून अवघड. तरीही अर्ज करा, आणि शिकून झाल्यावर निदान काही वर्षं इकडे या.